पिस्त्याची नखं

आरमोरीच्या बाजारात बांगड्या भरायच्या म्हटलं की सुलतानाभाभी. दुकान कसलं, एक पाट, एक पेटी आणि मागं दोऱ्यात ओवून टांगलेल्या बांगड्यांच्या माळा. माझं पिको-फॉलचं दुकान तिला लागून. मधे बांबूचा तट्टा. त्याला भिंत म्हणायची मला लाज वाटते. तिच्याकडचं मला ऐकू यायचं, माझ्याकडचं तिला. म्हणून गावात कोणी तिच्याबद्दल तोंड उघडलं की माझं डोकं फिरतं. तुम्ही कधी बसला होता का तिच्या शेजारी? मी बसले. जिंदगीभर बसले. तेव्हा सांगायचं असेल तर मी सांगणार, बाकीच्यांनी आपापलं काम करावं.

भाभी लग्न होऊन ब्रह्मपुरीहून आली आणि सासूच्या हाताखाली बांगड्या भरायला शिकली. हे काम सोपं नाही हो. बाई हात पुढं करते आणि भीतीनं बोटं ताठ करते. ताठ हातात बांगडी घुसवली की काच तडकली, हाताला लागली, आणि वरून अपशकुन. भाभी घाई करायचीच नाही. अंगठ्याच्या बुडाशी घट्ट दाबून धरायची आणि गोष्टी काढायची. धान कसं झालं, सासू बरी वागते का, नवरा काय म्हणते. बोलता बोलता हात सैल पडायचा. तो कधी पडला हे त्या बाईलाही कळायचं नाही, पण भाभीच्या बोटांना कळायचं. "हां, सोडला आता," म्हणायची, आणि सुळकन बांगडी मनगटात. मग त्या बाईनं तिच्या पायाला हात लावायचा, आणि भाभीनं एक बांगडी वरून द्यायची. असा रिवाज.

माझा लग्नाचा चुडा तिनंच भरला. आम्ही बौद्ध, लग्नात पांढरी साडी, निळा काठ, पण चुडा मात्र हिरवाच. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अव माय, हा हात हाये का फावडं? तुझ्या बापानं तुले धानाच्या रोवणीलेच जन्माले घातलं वाटते." मी इतकी हसले की हात सैल पडला, आणि चुडा चढलासुद्धा. तेव्हापासून ती माझी भाभी.

तिचा नवरा बाबूभाई. तिच्या पाटापलीकडं बसून स्टोव्ह, कंदील, गॅसबत्त्या दुरुस्त करायचा. तेव्हा खेड्यात लाईट होती नव्हती सारखीच, हिवाळ्यात वडशाकडं नाटकांचा हंगाम सुरू झाला की त्याच्या गॅसबत्त्या गावोगाव जायच्या. गॅसबत्तीचं मेंटल पाहिलंय ना? एकदा जळलं की नुसती राख उभी असते, जाळी जाळी. बोट लागलं की खलास. बाबूभाई ते मेंटल असलेली बत्ती उचलून इकडची तिकडं न्यायचा आणि राखेचा कण पडायचा नाही. त्याचा हात असा होता. दोघं नवरा-बायको एका घरात राहायचे, एका ताटात जेवायचे, पण हात एकदम उलटे. तिचा दाबून धरणारा, त्याचा धरलंय की नाही कळू नये असा.

पोपट आणला चैतूनं. चैतू तिकडं कुरखेड्याच्या जंगलाकडचा गोंड माणूस, बाजाराला यायचा. सावरीचं झाड पडलं, त्याच्या ढोलीत हे पिल्लू सापडलं. कंदील दुरुस्तीला आला तेव्हा बाबूभाईच्या मांडीवर ठेवून गेला. पंख नाही, पिसं नाही, नुसतं तोंड. बाबूभाईनं त्याला भिजवलेली चण्याची डाळ भरवून वाढवलं. हिरवं पीस निघालं तेव्हा नाव ठेवलं पिस्ता. त्यानं नागपूरला कोणाच्या लग्नात एकदाच पिस्ता पाहिला होता, तेवढ्यावर.

मला त्या पाखराचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. मी माप लिहून घेत असले की मेला माझ्या पिकोच्या मशीनचा आवाज काढायचा, घर्रर्र. गिऱ्हाईक विचारायचं, बाई, दुसरी मशीन घेतली का? एकदा कुरवाळायला गेले तर बोट फाडलं माझं. बाबूभाईच्या अंगाखांद्यावर मात्र लहान लेकरासारखा खेळायचा. भाभीलाही हात लावू द्यायचा. बाकी कोणाला नाही.

पोपटाची नखं वाढतात हे मला त्यांच्यामुळं कळलं. झाडावर असला तर खरबरीत सालीवर आपोआप झिजतात. पिंजऱ्यात कुठी झिजतील? म्हणून बाबूभाई कडुलिंबाची सालीसकट फांदी आणायचा, बसायला तीच. तरी टोकं वाढायचीच, हुकासारखी वळायची, मग शर्टात अडकायची. तेव्हा नवरा-बायको दोघं मिळून कापायला बसायचे. बाबूभाई जुन्या मऊ फडक्यात गुंडाळून पिस्त्याला धरायचा, मान दोन बोटांच्या मधे, डोकं हलू नये एवढंच. अंग मोकळं. समोर पेटती गॅसबत्ती. उजेडात नखाच्या आत लाल शीर दिसायची. त्या शिरेच्या खूप अलीकडं, तांदळाच्या कणीएवढं टोक भाभी नेलकटरनं उडवायची. नख काळं असलं की शीर दिसत नाही, तिथं तर अजूनच कमी. बाजूला तुरटीची पूड ठेवलेली, चुकून शीर कापली तर लावायला. पाखराच्या अंगात रक्त ते किती, वाहून गेलं तर उरलं काय?

भाभीनं हौसेनं एकदा म्हटलं, आण, आज मी धरते. धरलं तर बाबूभाई ओरडलाच. "अरे छाती मत दबा! उसकी छाती फूलेगी तभी साँस आएगी. चुडी भर रही है क्या?" भाभीनं रुसून पिस्ता परत दिला. "घे बाप्पा, तुझा पिस्ता, तुझा तूच धर." मी तट्ट्याच्या फटीतून बघत होते आणि हसत होते. त्या घरात असंच चालायचं.

आणि दुपार झाली की बाबूभाईची हाक. भाभी एकदा गिऱ्हाइकांत बसली की तिला भूक कळायची नाही. तो पलीकडून, हातातला पाना खाली ठेवून, ओरडायचा, "सुलताना! ओ सुलताना! खाना खा ले!" आणि मग जरासा खोकायचा, रॉकेलच्या धुरानं त्याला तसा खोकला होता. साऱ्या बाजाराला ती हाक पाठ. जवान पोट्टे तिची नक्कल करायचे.

बाबूभाई गेला ते पावसाळ्यात. छातीत दुखतं म्हणाला, गडचिरोलीला न्यायला जीप बोलावली, जीप यायच्या आधीच गेला. मेंटल विझतं तसा, आवाज न करता. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावरचे ते चार महिने दहा दिवस, घरात बसली. पिस्ता दाणा खाईना, बोलेना. तिच्या मुलाची, सलमानची, बायको रुखसार त्याला मिरची दाखवायची, पेरू दाखवायची, तो पाठ फिरवून बसायचा. भाभी दुकानात परत आली तेव्हा पिंजरा सोबत आणला, घरी एकटा मरेल म्हणून.

आणि एका दुपारी, मी साडी मशीनला लावत होते, पलीकडून बाबूभाई बोलला. "सुलताना! ओ सुलताना! खाना खा ले!" वर तो खोकला. माझी सुई बोटात घुसली. तशीच धावत गेले. भाभी गिऱ्हाईक बाईचा हात धरून बसलेली, तो हात धरूनच रडत होती, आणि ती गिऱ्हाईक बाई, कोण कुठली, तीही रडत होती. पिंजऱ्यात पिस्ता मान वाकडी करून बघत होता.

त्यानंतर रोज. भाभी डबा उघडायची ते त्या हाकेवर. मी एकदा चिडवलं, "भाभी, पाखराचं ऐकून जेवतेस, आमचं ऐकत नाई."

ती हसली नाही. म्हणाली, "पाहा नंदिनी. सलमान मले अम्मी म्हणते, रुखसार अम्मी म्हणते. मोहल्ल्यात खाला. तू भाभी. गिऱ्हाईक चुडीवाली बाई. माय-बाप गेले, भाऊ गेला. सुलताना म्हणणारं कोण राह्यलं सांग? माझं नाव आता या पाखराजवळच हाये. हा गेला की मी नुसती अम्मी आन् खाला."

 खरंच तर होतं. मी तरी तिला कधी नावानं हाक मारली? वयानं मोठी बाई, नाव घ्यायचं कसं?

पहिली काही वर्षं नखांचं ठीक चाललं. पिस्ता दुसऱ्या कोणाच्या हाती येत नव्हता, तेव्हा धरायचं काम भाभीकडं आलं आणि कापायचं रुखसारकडं. रुखसार हळवी पोरगी, पण हात स्थिर. भाभी नवऱ्याचं सगळं आठवून धरायची. तोंडानं पुटपुटायची, "छाती नाई, छाती नाई." बोटांना पाखराचं काळीज धडधडताना लागायचं, म्हणायची, तेवढं लागलं की मी सैल करते. ती बोटं होती म्हणून जमलं.

मग तिला साखरेची बिमारी निघाली. पायाची जखम भरेना म्हणून गडचिरोलीला दाखवलं तेव्हा कळलं. गोळ्या सुरू झाल्या. पण त्या आधीच बिमारीनं तिची बोटं खाल्ली होती. वरून दिसायला तशीच, आतून बधिर. मला कळलं ते असं, एकदा तिच्या पेटीवर रक्ताचे ठसे दिसले. मी म्हटलं, हे काय? बघते तर काचेचा तुकडा तिच्या बोटात उभा, आणि ही बाई त्याच बोटानं दोऱ्याला गाठ मारून राह्यली. तिला पत्ताच नाही.

"भाभी, तुले लागून नाई राह्यलं?"

"चूप बस," ती म्हणाली आणि तट्ट्याकडं, रस्त्याकडं पाहिलं. "मोठ्यानं बोलू नोको. चुडीवालीची बोटं गेली असं गावाले समजलं तर हात देईल का मले कोणी?"

मी कोणाला सांगितलं नाही. पण लपतं का? भरताना बायकांच्या मनगटात बांगड्या वाढायला, तडकायला लागल्या. चांगल्या घरच्या बायका वडशाच्या दुकानात जाऊ लागल्या. रुखसार दुकानात बसायला लागली, भाभी शेजारी बसून नुसती सांगायची, असं धर, तसं दाब. नखं कापायची वेळ आली की मात्र आज नको, उद्या. बधिर बोटांत पिस्त्याला घ्यायची तिला भीती वाटायची, हे मला समजत होतं. त्यात कडुलिंबाची फांदी आणणारा माणूस गेलेला. सलमाननं कौतुकानं पडद्याचा गुळगुळीत पाइप कापून पिंजऱ्यात लावला होता, कधी सडणार नाही म्हणून. त्या पाइपावर नखं काय झिजतील? वळून वळून पार तळव्याकडं निघाली. पिस्ता पाय नीट टेकवत नव्हता.

एक दिवस सकाळीच रुखसार माझ्या दुकानात. "नंदिनीमावशी, चला." भाभीच्या दुकानात गेले. पिंजऱ्यावर झाकायचं पोतं होतं, त्याच्या धाग्यात नख अडकून पिस्ता उलटा लटकला होता म्हणे. किती वेळ लटकला असेल कोण जाणे. रुखसारनं धागे कापून सोडवला होता. एक बोट सुजून जांभळं झालं होतं, आणि एका नखाचं टोक तळव्याच्या कातडीत रुतत चाललं होतं. पिस्ता पिंजऱ्याच्या तळाशी बसून, चोच उघडी.

भाभी म्हणाली, "दुपार होऊ दे, हाक मारते का पाहू." दुपार झाली. पिस्त्यानं हाक मारली नाही. भाभीनं डबा उघडला नाही.

मी जनावरांच्या दवाखान्यात पळाले. कंपाउंडर चांगला माणूस, एरवी आलाही असता, पण तो गावोगाव गुराढोरांच्या लसीकरणाला गेलेला. उद्या येईल म्हणाले. परत येऊन सांगितलं. म्हटलं, "भाभी, उद्यापर्यंत थांब. आज थांबली तर काय बिघडते?"

"आन् राती पुन्हा अडकला तर? पाय तुटून मेला तर?" तिचा आवाज चढला. "आज त्यानं नाव नाई घेतलं नंदिनी. एवढ्या वर्सात पहिल्यांदा."

मी म्हटलं, आण मग, मले धरू दे. हात पुढं केला तर अशा अवस्थेतही मेल्यानं माझ्या अंगठ्याला चावा घेतला. "सर बाजूले," भाभी म्हणाली. "तो माझ्याजवळच राहील."

तर आम्ही तिघी बसलो. भर दुपारी गॅसबत्ती कशाला, दारातल्या उन्हात बसलो, उन्हात शीर चांगली दिसते. भाभीनं बाबूभाईचं फडकं घेतलं, पिस्त्याला गुंडाळलं, मान दोन बोटांत घेतली. सगळं त्यानं शिकवलेलं तसंच. मी तुरटीची पूड चिमटीत धरून. रुखसारच्या हातात नेलकटर. तिची नजर नखावर, माझी नजर नखावर. आमचा जीव रक्तात अडकलेला. शीर लांब वाढली होती, नखाबरोबर तीही वाढते, म्हणून रुखसार कणी कणी कापत होती. एक टोक उडालं. रक्त नाही. दुसरं. नाही.

पिस्ता आधी झटापट करत होता. फडक्यातून पंख मारत होता. भाभी त्याच्याशी बोलत होती, तिच्या सवयीनं, जशी गिऱ्हाइकाशी बोलते तशी. "बस, बस रे राजा. काई नाई होत. बाबूभाईनं कसं धरलं असतं तुले? तसंच धरलं बघ. कोण पिस्ता हाये? पेरू कोण खाईल?" बोलता बोलता पिस्त्याची झटापट कमी झाली. मग थांबली. डोकं तिच्या बोटावर टेकलं.

"हां," भाभी म्हणाली, "सोडलं आता. सैल सोडलं त्यानं. कर बेटी, लवकर कर."

रुखसारनं ते रुतलेलं टोक सोडवून अलगद कापलं. सगळी नखं झाली. एक थेंब रक्त नाही. मी तुरटी बाजूला ठेवली आणि हसलेसुद्धा. म्हटलं, बघ भाभी, उगाच घाबरलीस. ती पण हसली. किती दिवसांनी हसली असेल. "शाणा झाला माझा पिस्ता," म्हणाली, आणि तिनं फडकं उघडलं.

पिस्त्याची मान बाजूला पडली. डोळा अर्धा उघडा, त्यावर पांढरी पापणी. भाभीनं त्याला पाइपावर ठेवलं, तो खाली पडला. तिनं उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा पडला. रुखसार तोंडावर ओढणी धरून मागं सरकली. मला तेव्हा समजलं. तिचा अंगठा होता तो. मान नवऱ्यासारखी धरली होती, पण अंगठा, तिच्या नकळत, पाखराच्या छातीवर. जिंदगीभर बायकांच्या हातावर जसा दाबला तसाच. एके काळी त्या बोटांना त्याचं काळीज धडधडताना लागायचं. आता काहीच लागलं नाही, धडधडताना नाही आणि थांबतानाही नाही.

"झोपला का?" भाभीनं मला विचारलं.

मी म्हटलं, "भाभी, गेला तो."

ती रडली नाही. आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहत राहिली, जसा दुसऱ्या कोणाचा असावा. मग अंगठ्याचं नख दातात धरून इतकं चावलं की रक्त आलं. मी तिचा हात ओढून बाजूला केला. "लागत नाई," ती मला म्हणाली, "नंदिनी, लागतच नाई वं मले." तेव्हा रडली. अशी रडली की पलीकडचा शिंपी, समोरचा भाजीवाला, सगळे येऊन उभे राहिले. बाबूभाईला नेलं तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. मी साऱ्यांना हाकललं. पाहायला तमाशा होता का?

त्या दिवसानंतर तिनं कोणाचा हात हातात घेतला नाही. नातीला कडेवर घेईना. रुखसारनं नात मांडीवर ठेवली तर दोन्ही हात वर उचलून धरायची, लागू नये म्हणून. दुकानात यायची, बसायची. सलमाननं चैतूकडून दुसरं पिल्लू आणू म्हटलं, तर तिनं एवढंच विचारलं, "ते काय म्हणेल मले?" सलमानला कळलं नाही, मला कळलं.

अशीच एक दुपार. रुखसार घरी गेलेली. पलीकडून डबा उघडल्याचा आवाज येईना. साखरेच्या बिमारीच्या गोळ्या खाऊन उपाशी बसलेली, चक्कर येऊन पडायची एखादवेळी.  हाक मारावी, पण कशी मारावी? भाभी म्हणून तर रोज मारते, ती हूं म्हणते आणि बसून राहते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी मोठी बाई-लहान बाई सगळं विसरून, तट्ट्याला तोंड लावून म्हटलं, "सुलताना! ओ सुलताना! जेवून घे."

 मग ती उठून माझ्या दुकानाच्या दारात आली. रागावलेली नव्हती. चौकटीला टेकून उभी राहिली, हात पदरात गुंडाळलेले.

"बाई, पुन्हा नोको म्हणू तसं," ती म्हणाली. "तुझा जीव मले समजते. नाव माझंच हाये. पण मले कोणी बोलावलं असं नाई वाटलं."